लागोसच्या पॅरा खेळाडूंना पगाराची तारीख हवी आहे

प्रश्न असा आहे: नायजेरियाचे दिव्यांग खेळाडू पॅरालिंपिकमध्ये एवढी पदकं आणतात, मग सरकारने त्यांना दीर्घकाळ पाठबळ द्यावं असं सारखं का म्हटलं जातं? जिंकल्यावर भरघोस बक्षीस दिलं की पुरत नाही का? आणि दीर्घकाळ म्हणजे नेमका किती काळ?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मूळची सांगलीची. यजमानांच्या नोकरीमुळे नऊ वर्षं लागोसला राहिले आणि त्यातली बरीचशी संध्याकाळ पॅरा पॉवरलिफ्टिंगच्या खेळाडूंचे खांदे, मनगटं आणि पाठी यांच्यावर काम करण्यात गेली. आता पुण्यात हेच काम करते. त्यामुळे उत्तर खेळाडूच्या अंगाच्या बाजूने देणार आहे, फाइलीच्या बाजूने कमी.

शेवटचा प्रश्न आधी घेते. दीर्घकाळ म्हणजे मुलगी पहिल्यांदा सरावाला आली त्या दिवसापासून तिचा खांदा म्हातारा होईपर्यंत. वीस वर्षं धरा, कधी तीस. हे ऐकून सरकारी माणूस दचकतो, पण याहून कमी काळाचा हिशोब मांडला की तो चुकतोच. का ते सांगते.

आकडे बघा. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधून नायजेरियाचं पथक एकाही पदकाविना परतलं. काही आठवड्यांनी त्याच शहरात त्यांच्या पॅरा खेळाडूंनी ६ सुवर्णांसह १३ पदकं घेतली. २०१६ ला रिओत ऑलिंपिकमध्ये फुटबॉलचं एक कांस्य आणि पॅरालिंपिकमध्ये ८ सुवर्णांसह १२ पदकं. पदकतक्त्यात आफ्रिकेत पहिलं स्थान. २०२४ ला पॅरिसमध्ये ऑलिंपिकचं खातं पुन्हा शून्यावर, आणि पॅरालिंपिकमध्ये ७ पदकं. हे सगळे सांगतात आणि टाळ्या वाजतात. पण मला त्याच आकड्यांतली दुसरी ओळ दिसते. सुवर्णपदकं लंडनला ६, रिओला ८, टोकियोला ४, पॅरिसला २. एकूण पदकं १३, १२, १०, ७. हा उतार आहे आणि तो आपोआप थांबणारा नाही.

नायजेरिया पॅरालिंपिकमध्ये पहिल्यांदा १९९२ ला, बार्सिलोनात उतरला. अजिबोला अदेओये नावाच्या, एक हात नसलेल्या धावपटूने तिथे १०० मीटर १०.७२ सेकंदांत मारली आणि २०० मीटरही जिंकली. धडधाकट माणसालासुद्धा ही वेळ गाठायला जन्म घालवावा लागतो. २००० मध्ये सिडनीला स्त्रियांचं पॉवरलिफ्टिंग पहिल्यांदा आलं आणि तिथून नायजेरियन बायकांनी हा खेळ आपलासा केला. लूसी एजिके सिडनीपासून टोकियोपर्यंत पदकं घेत राहिली. रिओत तर पथकाची कर्णधार म्हणून जागतिक विक्रमासह सुवर्ण. पॅरिसला फोलाशादे ओलुवाफेमिआयोने ८६ किलो गटात १६७ किलो उचलले, ओन्यिन्येची मार्कने ६१ किलो गटात १५०. दोन्ही जागतिक विक्रम.

पॉवरलिफ्टिंगच का? कारण हा खेळ गरीब देशाला परवडतो. एक बाकडं, एक बार, वजनाच्या चकत्या, दोन आधार देणारे साथीदार. खेळाडू दोन मीटरहून थोड्या लांब अशा त्या बाकड्यावर पाठीवर झोपते, पाय सरळ बाकड्यावरच, हवे तर पट्ट्याने बांधलेले. बार छातीपर्यंत आणायचा, तिथे निश्चल धरायचा, मग दोन्ही हातांनी सारखा वर. पायांचं काम नाही. आणि नायजेरियात पाय गेलेली पण वरचं अंग बळकट असलेली मुलं-मुली भरपूर होती, कारण पोलिओ.

हा दुवा नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. २००३-०४ मध्ये कानो आणि उत्तरेतल्या काही राज्यांनी लस नाकारली. २०१२ साली जगात पोलिओचे २२३ रुग्ण नोंदले गेले, त्यातले १२२ एकट्या नायजेरियातले. आपल्याकडे त्याच्या आदल्याच वर्षी, जानेवारी २०११ मध्ये, शेवटचा रुग्ण सापडला होता. नायजेरियाने नंतर प्रचंड कष्ट घेतले, आणि २५ ऑगस्ट २०२० ला आफ्रिका खंड नैसर्गिक पोलिओ विषाणूपासून मुक्त असल्याचं जाहीर झालं. लशीपासून उद्भवणाऱ्या विषाणूचे रुग्ण अजून सापडतात, पण पूर्वीसारखी लाट नाही. याहून आनंदाची गोष्ट नाही. पण खेळाच्या नियोजनात त्याचा अर्थ असा की ज्या पिढीने ही पदकं आणली ती आता चाळिशीकडे झुकली आहे, आणि तिच्यामागे तशीच पिढी उभी नाही. उभी राहूही नये.

आता एक खेळाडू सांगते. नाव लिहीत नाही. माझ्याकडे आली तेव्हा सव्वीस वर्षांची, दोन्ही पाय पोलिओने बारीक, कुबड्यांवर चालायची. तिचे तळवे पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा मला वाटलं होतं की बारमुळे घट्टे पडले असतील. नव्हे. बारचे घट्टे बोटांच्या मुळाशी असतात. तिचे जाड घट्टे तळव्याच्या टाचेकडे होते, कुबडीच्या मुठीचे. घरापासून सरावाच्या जागेपर्यंत दोन डान्फो बदलायच्या. डान्फो म्हणजे लागोसची पिवळी मिनीबस. धड थांबत नाही, माणसं धावत चढतात. हिला चढवायला कंडक्टर थांबायचा नाही, थांबलाच तर कुबड्यांची जागा धरून दोन सीटचे पैसे मागायचा. ऑफिस सुटायच्या गर्दीत दोन-दोन तास. जिथे सराव चालायचा तिथल्या बाकड्याचं फोम फाटलं होतं, त्यावर कुणीतरी जुन्या टायरची ट्यूब कापून गुंडाळली होती. लाइट गेली की जनरेटर चालू व्हायचा, डिझेल असलं तर. नसलं तर दोघी-तिघी मोबाइलचा उजेड धरून उभ्या राहायच्या आणि सेट पुरा व्हायचा. तिच्या तोंडी कायम "नो वाहाला, आँटी". काळजी नको.

मला काळजी होती ती तिच्या उजव्या खांद्याची. धडधाकट वजनउचल्याचा खांदा सरावानंतर विश्रांती घेतो. हिचा घेत नाही. ती कुबडीवर घरी जाते तेव्हा प्रत्येक पावलाला अंगाचं वजन त्याच खांद्यावर. खुर्चीतून खाटेवर जायचं, संडासाला बसायचं-उठायचं, पाण्याची बादली सरकवायची, सगळं त्याच दोन सांध्यांवर. खांद्याची वाटी उथळ असते. गुडघ्यासारखी भार सोसायला ती घडलेलीच नाही. तिच्या भोवतीचे चार छोटे स्नायू हाडाचा गोळा जागेवर धरून ठेवतात, आणि आम्हाला पहिला तडा तिथेच दिसतो. व्हीलचेअर किंवा कुबड्या वापरणाऱ्या खेळाडूचा खांदा गेला म्हणजे खेळ गेला एवढंच होत नाही. तिचे पाय दुसऱ्यांदा गेले.

त्यात पोलिओ झालेल्यांना आणखी एक फेरा असतो. पहिल्या आजारात मज्जारज्जूतल्या काही पेशी मरतात आणि उरलेल्या पेशी फांद्या फोडून अनाथ झालेल्या स्नायूतंतूंचं काम अंगावर घेतात. पंधरा-वीस वर्षं, कधी चाळीस वर्षं त्या दुप्पट-तिप्पट राबतात. मग थकतात. नव्याने अशक्तपणा येतो, दुखतं, दिवसभराचा शीण रात्रीत भरून निघत नाही. आम्ही याला पोस्ट-पोलिओ म्हणतो. ज्या वयात खेळाडू पदकांच्या शिखरावर असते त्याच वयात हे सुरू होऊ शकतं. अशा खेळाडूला जास्त मेहनत कर म्हणणारा प्रशिक्षक तिचं नुकसान करतो. तिला मोजून विश्रांती द्यावी लागते, आणि विश्रांती परवडायला महिन्याला ठराविक पैसे लागतात. माझी खेळाडू सकाळी बाजारात मोबाइलचे रिचार्ज विकायची, संध्याकाळी सराव. विश्रांतीचा दिवस म्हणजे धंद्याचा खाडा. मी तिला आठवड्यात दोन दिवस खांदा वापरू नकोस म्हटलं तेव्हा ती हसली नाही, रागावली नाही, फक्त विचारलं: "आँटी, मग जेवू काय?"

म्हणून बक्षीस पुरत नाही. बक्षीस येतं तेव्हा खांदा आधीच झिजलेला असतो. आणि ते येतं एखाद्याच्याच वाट्याला. पॅरिसला सात जणांनी पदकं घेतली. बाकीच्यांनीही चार वर्षं तेवढंच वजन उचललं होतं.

तरी नायजेरियन सरकार बक्षीस देण्यात हात आखडता घेतं असं नाही. जुलै २०२५ मध्ये त्यांच्या महिला फुटबॉल संघाने आफ्रिकेचं अजिंक्यपद दहाव्यांदा जिंकलं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष टिनुबूंनी प्रत्येक खेळाडूला १ लाख डॉलरइतकी रक्कम आणि तीन खोल्यांचा फ्लॅट जाहीर केला. त्या मुलींनी ते कमावलं होतं, त्यात वाद नाही. पण दहा-बारा वर्षं जागतिक विक्रम करणाऱ्या एखाद्या पॅरा लिफ्टरने ती बातमी वाचली तर तिला काय वाटेल, ते मला कुणी सांगायची गरज नाही. मी मात्र तिच्यासाठी फ्लॅट मागणार नाही. मी मागेन महिन्याच्या पाच तारखेला खात्यात पडणारे पैसे. रक्कम लहान असली तरी चालेल, तारीख चुकायला नको. जिला पैसे कधी येणार ते माहीत असतं ती अंडी, बीन्स, मासळीचा महिन्याचा हिशोब बसवते, सरावाच्या जागेजवळ खोली घेते, दोन दिवस खांदा आराम करू देते. अनिश्चित मोठ्या रकमेवर यातलं काही करता येत नाही.

आपल्या वाचकांना ओळखीचं उदाहरण म्हणजे भारताची टॉप्स, म्हणजे टार्गेट ऑलिंपिक पोडियम योजना. २०१४ ला सुरू झाली, निवडलेल्या खेळाडूला सराव-प्रवासाच्या खर्चाखेरीज महिन्याला ५० हजार रुपये, आणि त्यात पॅरा खेळाडूही आले. रिओत भारताची पॅरा पदकं ४ होती, टोकियोत १९, पॅरिसला २९. आपल्या आटपाडीकडच्या सचिन खिलारीचं गोळाफेकीतलं रौप्य त्यातलंच. सगळं श्रेय योजनेचं नाही, पण याच काळात नायजेरियाचा आलेख उलटा गेला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत पॅरा पॉवरलिफ्टिंगमध्ये पुरुषांच्या वरच्या वजनगटात आपल्या सुधीरने २१२ किलो उचलून सुवर्ण घेतलं. रौप्य घेणारा इकेचुक्वू ख्रिस्तियन ओबिचुक्वू नायजेरियाचा होता. तिथे अंगाचं वजन धरून गुण देतात, आणि तो पूर्ण एका गुणानेही मागे नव्हता. ज्या खेळात नायजेरिया गुरू, तिथे आपण एवढ्या जवळ पोचलो होतो आणि पुढे गेलो.

मासिक मानधन ठरवताना एक खबरदारी मात्र नायजेरियात घ्यावीच लागेल. जून २०२३ मध्ये सरकारने नायराचा, म्हणजे तिथल्या चलनाचा, दर बाजारावर सोडला. त्याआधी डॉलरला साधारण ४६०-४७० नायरा पडायचे. २०२४ च्या सुरुवातीला दीड हजारावर गेले. स्पर्धेची प्रवेश फी, विमानाचं तिकीट, हॉटेल, बाहेरून येणारी व्हीलचेअर, सगळं परकीय चलनात. नायरात ठरवलेलं मानधन डॉलरच्या हिशोबात वर्षभरात एक तृतीयांश उरलं. म्हणून घरखर्चाचे पैसे नायरात आणि महागाईप्रमाणे वाढणारे, तर परदेशी स्पर्धांची तरतूद वेगळी आणि वर्षाच्या सुरुवातीलाच बाजूला काढलेली, असे दोन कप्पे लागतात.

या दुसऱ्या कप्प्याचं महत्त्व खेळाबाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. पॅरा खेळात नुसती ताकद असून भागत नाही. आधी वर्गीकरण. आंतरराष्ट्रीय वर्गीकरण करणारे तज्ज्ञ ठराविक मान्यताप्राप्त स्पर्धांतच बसतात. तिथे जाऊन अपंगत्व तपासून घेतलं, वर्ग मिळाला, तरच खेळाडू कागदावर अस्तित्वात येते. त्यानंतर पॉवरलिफ्टिंगमध्ये पॅरालिंपिकच्या पात्रतेसाठी चार वर्षांच्या चक्रात नेमून दिलेल्या जागतिक स्पर्धांत प्रत्यक्ष उतरावं लागतं. एक चुकली की पुढचं दारच बंद. घरी कितीही किलो उचला. माझ्या डोळ्यांदेखत एका मुलाचं हे झालं. पैसे मंजूर होते, कागद होता, सही होती. पण रक्कम सुटेपर्यंत व्हिसाची मुदत गेली. त्याने दुसऱ्या दिवशी सरावाला येऊन नेहमीएवढंच वजन लावलं. आम्ही कुणी काही बोललो नाही. त्याची चार वर्षं कुठल्याही हिशोबवहीत तोटा म्हणून दिसत नाहीत.

कागदाचं मोल काय असतं ते धडधाकट खेळाडूंच्या बाबतीत सगळ्या जगाने पाहिलं. २०२१ ला टोकियो ऑलिंपिक सुरू असताना नायजेरियाचे १० ॲथलीट अपात्र ठरले. त्यांनी उत्तेजक घेतलं म्हणून नव्हे; स्पर्धेबाहेरच्या आवश्यक तेवढ्या चाचण्या त्यांच्या झालेल्याच नव्हत्या आणि ती व्यवस्था करणं हे त्यांचं काम नव्हतं. पॅरा खेळाडूंच्या वाट्याला असल्या चुका आल्या तर कॅमेरेही कमी असतात.

मग सरकारने काहीच केलं नाही का? केलं, आणि त्यातलं काही चांगलंही होतं. २०१९ मध्ये क्रीडामंत्री संडे दारे यांनी खेळाडू दत्तक घेण्याची योजना काढली. टोकियोच्या तयारीसाठी उद्योगपतींनी आणि कंपन्यांनी एकेका खेळाडूचा खर्च उचलायचा. पैसा थेट खेळाडूकडे, मधली साखळी छोटी, ही तिची जमेची बाजू. पण दाता दत्तक घेतो तो पदकाच्या उंबरठ्यावर आलेल्याला. पहिल्या पायरीवरच्या सोळा वर्षांच्या पोरीला कोण घेणार? शिवाय योजना मंत्र्यासोबत येते आणि मंत्र्यासोबत जाते. २०१५ ला राष्ट्रीय क्रीडा आयोग मोडून काम मंत्रालयाकडे गेलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रालयच रद्द करून आयोग पुन्हा आणला. प्रत्येक वळणावर माणसं बदलतात, सह्यांचे अधिकार बदलतात, आणि आधीच्या माणसाने तोंडी दिलेला शब्द कुणाच्याच टेबलावर सापडत नाही. पॅरालिंपिकचं चक्र चार वर्षांचं, खेळाडूची कारकीर्द वीस वर्षांची आणि कारभाऱ्याचा काळ दोन-तीन वर्षांचा. हे गणित जुळवायचं तर आधार माणसावर नको, कायद्यात हवा.

कायदा आहेसुद्धा. दिव्यांगांविरुद्ध भेदभावाला बंदी घालणाऱ्या कायद्यावर जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुहारींनी सही केली. त्यानुसार दिव्यांगांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन झाला. सार्वजनिक इमारती पाच वर्षांत दिव्यांगांना वापरता येतील अशा करायच्या होत्या; ती मुदत जानेवारी २०२४ ला संपली. लागोस राज्याचा तर स्वतःचा कायदा २०११ पासून आहे. इमारतींबद्दल फार लिहीत नाही. उतार आणि रेलिंग नसेल तर क्रीडागृह काय कामाचं, हे कुणालाही कळतं.

मला त्या कायद्यातलं दुसरं कलम मोलाचं वाटतं: सरकारी आस्थापनांत किमान ५ टक्के नोकऱ्या दिव्यांगांना, ‘शक्य तितपत’. हे दोन शब्द काढून टाकले तर नायजेरियन पॅरा खेळाचा निम्मा प्रश्न सुटेल असं माझं प्रामाणिक मत आहे. नोकरी म्हणजे पगाराची तारीख, दवाखान्याची सोय, सरावासाठी रजा, आणि खेळ संपल्यावरचं आयुष्य. आपल्या मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण घ्या. १९७२ मध्ये हायडेलबर्गला जलतरणात भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण आणलं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. मधल्या साडेचार दशकांत देशपातळीवरचा मान नव्हता, पण पुण्यात टेल्कोची नोकरी होती. घर चाललं ते त्या नोकरीवर. सांगलीच्या मुलीला हे लहानपणापासून माहीत असतं.

पैसा कुठून आणायचा, हा रास्त प्रश्न आहे. इथे ब्राझीलकडे बघावं, युरोपकडे नको. ब्राझीलही मोठा, विषमतेने फाटलेला देश. त्यांनी २००४ मध्ये खेळाडूंच्या मासिक मानधनाचा कायदा केला, त्यात पॅरा खेळाडू पहिल्यापासून धरले. २०१५ च्या कायद्याने लॉटरीच्या उत्पन्नातला पॅरालिंपिक समितीचा वाटा वाढवला. अर्थमंत्री कोण आहे यावर तो वाटा अवलंबून नाही. २०१६ मध्ये साओ पावलोत पॅरा खेळांचं स्वतंत्र केंद्र उभं राहिलं. पॅरिसला ब्राझील ८९ पदकांसह पाचवा आला.

नायजेरियात हा रस्ता थोडा वाकडा घ्यावा लागेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ चा राष्ट्रीय लॉटरी कायदा रद्द ठरवला. लॉटरीचा अधिकार आता राज्यांचा. म्हणजे राजधानी अबुजात एकच मोठी तिजोरी उभी राहणार नाही. पण मला यात संधी दिसते. देशात ३६ राज्यं आहेत, राष्ट्रीय क्रीडा महोत्सवात ती एकमेकांशी चुरशीने लढतात आणि पॅरा खेळाडूही तिथे उतरतात. आज काय होतं, तर महोत्सव आला की चांगल्या लिफ्टरला राज्यं आपल्याकडे ओढतात, महोत्सव संपला की तिला विसरतात. लागोस, डेल्टा, रिव्हर्स अशा सधन राज्यांनी लॉटरी-सट्ट्याच्या महसुलातला ठराविक टक्का कायद्याने बांधून घेतला आणि आपल्या खेळाडूंना महोत्सवापुरतं न धरता वर्षभर मानधन दिलं, तर केंद्राकडे फक्त परदेशी स्पर्धा, वर्गीकरण आणि वैद्यकीय देखरेख उरते. तेवढं केंद्राने चोख केलं तरी पुष्कळ.

आता पोलिओनंतरच्या पिढीकडे येते. पुढची मुलं कोण असतील? रस्ते अपघातात पाय गमावलेली, जन्मतः हात अपुरा असलेली, सेरेब्रल पाल्सीची, बुटकी राहिलेली, अंध. या मुलांचे खेळ वेगळे आणि बरेचसे महाग. धावायची ब्लेड, शर्यतीची व्हीलचेअर यांच्या किमती लाखांत. वाढत्या वयाच्या मुलाला त्या दर काही वर्षांनी बदलाव्या लागतात. एकदा दान केलेली खुर्ची दोन वर्षांत लहान होते आणि कोपऱ्यात पडते. इथे सरकारने सामानाची बँक करावी: खुर्ची मुलाच्या मालकीची नाही, वाढली की परत, मोठी घ्या, जुनी दुसऱ्याला. आणि शोध शाळेत घ्यावा. सध्या खेळाडू सापडतात ते योगायोगाने. कुणा लिफ्टरला बाजारात कुबड्यांवरची दणकट मुलगी दिसते आणि ती तिला घेऊन येते. किती जणी दिसतच नसतील.

हे होऊ शकतं याची खूण पॅरिसमध्येच दिसली. मरियम एनिओला बोलाजी या तरुण मुलीने बॅडमिंटनमध्ये कांस्य घेतलं. पॅरालिंपिक बॅडमिंटनमध्ये पदक घेणारी ती आफ्रिकेतली पहिली. उपांत्यपूर्व फेरीत तिने आपल्या मनदीप कौरला हरवलं, तेव्हा मी भारताची असूनही उठून उभी राहिले होते. टेबल टेनिसमध्ये इसाऊ ओगुनकुनलेचं कांस्य आलं. बसून भालाफेक करणाऱ्या फ्लोरा उगुनवाने रिओ आणि टोकियोच्या सुवर्णांनंतर रौप्य मिळवलं. सातांपैकी तीन पदकं पॉवरलिफ्टिंगबाहेरची आहेत. बीज पडलेलं आहे.

माझी ती खेळाडू आता स्पर्धेत नाही. खांद्याने साथ सोडली, त्याआधी तिने दोन-तीन चांगली वर्षं काढली. तिला मी अजून व्यायामाचे व्हिडिओ पाठवते. मागच्या महिन्यात तिचा निरोप आला. तिच्या गल्लीत ट्रकच्या अपघातात मांडीपासून पाय गेलेली तेरा वर्षांची मुलगी आहे, दगड फार लांब फेकते, तिला बसून गोळा फेकायला शिकवायचंय. फेकायची खुर्ची कुठे मिळेल? मी म्हटलं, ही खुर्ची विकत घेऊ नकोस, वेल्डरकडून करून घे. चौकोनी पोलादी पाइप, बैठक सपाट, गादी धरून उंची ७५ सेंटिमीटरच्या वर अजिबात नको, पुढे धरायला एक उभा दांडा, जो जोराने ओढला तरी लवणार नाही. खाली चारही कोपऱ्यांना कड्या, म्हणजे पट्ट्यांनी जमिनीला आवळता येईल. कागदावर काढून, मापं लिहून फोटो पाठवला. परवा तिने उलट फोटो पाठवला: वेल्डरच्या दुकानापुढे निळा रंग ओला असलेली खुर्ची, आणि शेजारी टेप धरून उभी मुलगी. टेपवर ७४ दिसतात. बैठकीवरची गादी मात्र अजून टाकायची आहे, आणि तीन सेंटिमीटरची जरी टाकली तरी माप ओलांडेल, तेव्हा खुर्चीचे पाय थोडे कापून घ्यायला सांगितलंय.